‘सिस्टीम घेत नाहीये’ म्हणजे नेमकं काय? कंपन्यांची नोकरशाही आणि आपली मोकळीक

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातल्या एखाद्या इंजिनिअरला चाकणला नवी नोकरी लागते. तो राजीनामा देतो, ९० दिवसांची नोटीस पूर्ण भरतो, शेवटच्या दिवशी पेढे वाटून घरी येतो. पंधरा दिवसांनी नव्या कंपनीचा मेल येतो: रिलिव्हिंग लेटर (जुन्या कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) अपलोड करा, नाहीतर ऑफर रद्द. जुन्या कंपनीत फोन केला की एचआरमधल्या मॅडम अगदी मनापासून सांगतात, “माझ्याकडून सगळं झालंय हो, पण टूल क्रिबचं क्लिअरन्स पेंडिंग दिसतंय. सिस्टीम घेत नाहीये.” टूल क्रिबवाला, म्हणजे हत्यारांच्या भांडारातला माणूस, म्हणतो, मी तर तेव्हाच ओके केलं. नाही कुणीच म्हणत नाही, आणि काम मात्र होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्या. तेव्हापासून सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या औद्योगिक पट्ट्यात पगारपत्रकं, नेमणूकपत्रं, फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब) यांची चर्चा जोरात आहे. त्या चर्चेच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. सरकारी लालफितीबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. पण आता कंपन्यांची लालफीत आपल्या आयुष्याला त्याहून घट्ट बांधते आहे का?

आधी ‘नोकरशाही’ म्हणजे काय ते पाहू

घरी चार माणसं जेवायला असली की “मला तिखट कमी” एवढं म्हटलं तरी भागतं. हजार पानांच्या पंगतीत तसं चालत नाही. तिथे आचारी वेगळा, कोठी सांभाळणारा वेगळा, वाढपी वेगळे. भाजीच्या बादलीवाल्याला मठ्ठा मागितला तर तो मागून येणाऱ्याकडे बोट दाखवतो. त्यात त्याची काही चूक नाही. अशी वाटणी केली नाही तर हजार पानं वेळेत उठणारच नाहीत.

माक्स वेबर (१८६४–१९२०) या जर्मन समाजशास्त्रज्ञाने नोकरशाहीची जी लक्षणं सांगितली, ती याच पंगतीसारखी आहेत: लेखी नियम, ठरलेली पदं, वरपासून खालपर्यंत उतरंड, आणि प्रत्येक गोष्टीची फाइलमध्ये नोंद. ही रचना सरकारी कचेरीइतकीच मोठ्या कारखान्यालाही लागू पडते, हे वेबरने तेव्हाच ओळखलं होतं. त्याला भीती होती ती याची की, ही यंत्रणा इतकी चोख चालेल की तिच्यातला माणूस पिंजऱ्यात असल्यासारखा होईल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. नियम नव्हते तेव्हा कामगार मोकळा नव्हता. शेठच्या मर्जीवर पगार, मुकादमाच्या लहरीवर खाडा, दिवाळीला बोनस मिळेल की नाही ते देवालाच ठाऊक. मस्टर, पगाराची स्लिप, रजेचा लेखी हिशेब या गोष्टींनी माणसाला त्या लहरीतून सोडवलं. म्हणून ‘नियम वाईट’ हे सूत्र इथे उपयोगाचं नाही. पंगतीतला वाढपी ठीकच आहे. पण भाजी विटली असेल तर आचाऱ्यापर्यंत जायची वाट आहे की नाही, हे पाहायला हवं.

सरकारी बाबू आणि कंपनीचा बाबू यांत फरक काय?

सरकारी कचेरीत फाइल अडली तर आपल्या हातात काही हत्यारं आहेत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील, मग दुसरं. राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ तर नाशिकलाच आहे. निर्णय मनमानी असेल तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट करता येते. कारण मूलभूत हक्क प्रामुख्याने ‘राज्या’विरुद्ध आहेत, आणि राज्य म्हणजे कोण हे कलम १२ मध्ये सांगितलंय. खासगी कंपनी त्यात बसत नाही.

अपवाद आहेत. अस्पृश्यता, वेठबिगारी, धोक्याच्या कामावर मुलं ठेवणं या गोष्टी घटनेने खासगी माणसालाही मना केल्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने असंही म्हटलं की कलम १९ आणि २१ मधले हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही सांगता येतात. पण म्हणून उद्या सकाळी एचआरविरुद्ध रिट घेऊन मुंबई गाठता येईल असं नाही.

कंपनीशी आपलं नातं कायद्याच्या दृष्टीने कराराचं असतं. ‘आय अ‍ॅग्री’ला टिचकी मारली की आपण मान्य केलं असं धरलं जातं. सरकारचा नियम करणाऱ्यांना निदान मत तरी देता येतं. कंपनीचा नियम आपण वाचलेलाही नसतो, तरी त्याखाली सही आपलीच असते.

जवळून बघू: नोकरी सोडताना काय काय अडतं

मोठ्या कारखान्यातून बाहेर पडायची वाट साधारण अशी असते. राजीनामा पोर्टलवर टाकायचा. मॅनेजरने तो ‘अ‍ॅक्सेप्ट’ करायचा. नोटीस भरायची, करारानुसार ३०, ६० किंवा ९० दिवस. मग नो-ड्यूज: स्टोअर, टूल क्रिब, आयटी, अ‍ॅडमिन, कॅन्टीन, अकाउंट्स, प्रत्येकाचं एकेक खूण करणं. त्यानंतर फुल अँड फायनल, म्हणजे उरलेल्या पगाराचा, रजेचा आणि वजावटीचा शेवटचा हिशेब. मग रिलिव्हिंग लेटर. आणि सर्वांत शेवटी, बहुतेकदा विसरली जाणारी गोष्ट: पीएफच्या खात्यावर ‘डेट ऑफ एक्झिट’ची नोंद.

अडतं ते बहुधा दुसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर. मॅनेजर बटण दाबत नाही, आणि पोर्टल नोटिशीचे दिवस बटण दाबल्यापासून मोजतं. किंवा दोन वर्षांपूर्वी घेतलेला व्हर्नियर (मोजमापाचं साधन) परत केल्याची नोंद कुणी टाकलेली नसते आणि तेवढ्यावर पुढची सगळी साखळी थांबते. यात कुणाचा डाव असतोच असं नाही. साखळीतल्या प्रत्येकाला फक्त आपला चौकोन दिसतो, एवढंच.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण इथे कंपनीचा नियम आणि देशाचा कायदा यांत बरंच अंतर आहे.

इच्छेविरुद्ध नोकरीवर राहायला कोर्ट कुणाला भाग पाडत नाही. नोटीस न भरता गेलात तर प्रश्न भरपाईचा उरतो. राजीनामा ‘अ‍ॅक्सेप्ट’ झाला नाही म्हणून माणूस जन्मभर कामगार राहत नाही.

नोकरी सोडल्यावर ‘दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ हे कलम ऑफर लेटरमध्ये सर्रास असतं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसायाला अडवणारा करार रद्दबातल असतो, आणि नोकरीनंतरच्या अशा बंदीला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिलेली नाही. नोकरीत असतानाची बंदी मात्र टिकते, आणि कंपनीची गुपितं फोडायची मुभा कुणालाच नाही. ड्रॉइंगचा पेनड्राइव्ह घेऊन बाहेर पडलात तर कलम २७ मदतीला येणार नाही.

बाँडचं काय? मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ वर्षं नोकरी, नाहीतर २ लाख रुपये ही अट वैध धरली. म्हणजे बाँड आपोआप बेकायदा नाही. पण करार कायद्याचं कलम ७४ आहे: लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. प्रशिक्षणावर काहीच खर्च केला नाही आणि पाच लाख मागितले, तर त्या आकड्याचं समर्थन कंपनीला करावं लागेल.

हिशेबाचं तर वेतन संहितेने स्पष्टच सांगितलंय. राजीनामा असो की बडतर्फी, देय वेतन कामाच्या २ दिवसांत द्यायचं. ‘आमच्या पॉलिसीत ४५ दिवस आहेत’ हे उत्तर आता चालणारं नाही, आणि हा नियम मॅनेजर मंडळींनाही लागू आहे.

पीएफची नोंद कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिने थांबून ती तुम्ही स्वतः टाकू शकता. १२ आकडी यूएएनने (पीएफच्या ओळख क्रमांकाने) पोर्टलवर जायचं, ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली टाकायची. चुकली तर दुरुस्तीचा व्याप मोठा. जानेवारी २०२० पूर्वी ही सोय नव्हती. सगळं जुन्या कंपनीच्या एका क्लिकवर अवलंबून असायचं. नोकरशाहीची गाठ सोडवायची म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण नाही: नियम तोच राहिला, फक्त किल्ली माणसाच्या हातात दिली.

कारखान्याच्या गेटबाहेरही हीच साखळी

हे फक्त नोकरदारांचं दुखणं नाही. अंबडच्या गाळ्यात सहा माणसं आणि दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) घेऊन जॉबवर्क करणारा उद्योजक कागदोपत्री स्वतःचा मालक आहे. पण त्याला वाहन कंपनीच्या साखळीत पार्ट द्यायचा असेल तर आधी पीपीएपी भरावं लागतं. पीपीएपी म्हणजे पार्ट ठरल्याप्रमाणेच बनेल याचा पुराव्यांसह दिलेला संच. त्यात १८ घटक असतात. पुढे माणूस, मशीन, माल किंवा पद्धत यांपैकी काहीही बदलायचं तर ग्राहक कंपनीला आधी कळवायचं आणि मंजुरी घ्यायची. स्वतःच्या पैशाने घेतलेलं मशीन स्वतःच्या गाळ्यात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवायलाही परवानगी लागू शकते.

ब्रेकचा पार्ट असेल तर हे योग्यच आहे, जीव त्यावर अवलंबून असतात. त्रास होतो तो पाचशे माणसांच्या कारखान्यासाठी बनवलेला फॉर्म सहा माणसांच्या गाळ्याला जसाच्या तसा लावल्याने. दिवसा मशीनवर उभा असलेला मालक रात्री एक्सेल भरत बसतो.

पैशाच्या बाबतीत साखळीचं खरं वजन कळतं. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं. करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. कायदा इतका कडक, तरी हक्क असून लहान पुरवठादार तक्रार करायला धजत नाही. वसुली होईल, पण व्हेंडर कोड (कंपनीच्या यादीतला पुरवठादाराचा क्रमांक) बंद होईल, आणि कोड बंद केल्याचं कारण कुणी लेखी देत नाही. मोकळीक जाते ती अशी, आवाज न करता.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे आणखी लांबून येतं. युरोपचे अवशेष-मर्यादेचे आकडे, म्हणजे फळात फवारणीच्या औषधाचा किती अंश चालेल ते, हा तिथला कायदा आहे. त्याच्या वर तिथल्या काही सुपरमार्केट साखळ्या स्वतःचा नियम लावतात: कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशच चालेल, आणि एका नमुन्यात अमुकपेक्षा जास्त औषधांचे अंश नकोत. माल चांगल्या शेती-पद्धतीने पिकवल्याचं ग्लोबलगॅप हे प्रमाणपत्रही सरकारी नाही. १९९७ मध्ये युरोपातल्या दुकानदार साखळ्यांनीच ते युरेपगॅप नावाने सुरू केलं, २००७ मध्ये नाव बदललं, आणि दरवर्षी नव्याने तपासणी करून घ्यावी लागते. २०१० च्या हंगामात सीसीसी या संजीवकाचे (वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे) अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडला, तेव्हा वर्षानुवर्षं तेच वापरणाऱ्या बागायतदाराला काय चाललंय हे कळायच्या आत कंटेनर बंदरात उभे होते. खाणाऱ्याच्या आरोग्याबद्दल वाद नाहीच. पण कोणती फवारणी, कधी, किती, हे बागेतलं रोजचं ठरवणं आता हजारो किलोमीटरवरच्या खरेदी विभागाकडे गेलंय, आणि त्या टेबलावर बागायतदाराला खुर्ची नाही.

“पटत नसेल तर सोडून द्या ना!”

हा पहिला आक्षेप, आणि तो क्षुल्लक नाही. कंपनी कुणाला जेलमध्ये टाकत नाही. दार उघडं आहे.

पण दारापर्यंत जायला काय पडतं तेही मोजा. इंदिरानगरच्या फ्लॅटचा हप्ता, मुलांची शाळा, ९० दिवसांची नोटीस, आणि नवी कंपनी म्हणते ३० दिवसांत या. शिवाय सगळ्यांचे फॉर्म सारखेच असतील तर एक सोडून दुसरीकडे गेल्याने काय बदलणार? सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात नेमकं हेच ओळखलं. फक्त तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्याला कारण न सांगता काढायचं कलम न्यायालयाने रद्द केलं, कारण दोन्ही बाजूंची ताकद इतकी विषम असताना छापील फॉर्मवरची सही ही खरी संमती नव्हे. ती कंपनी सरकारी होती, हेही लक्षात ठेवावं. खासगी कंपनीविरुद्ध एवढी सरळ वाट मिळत नाही.

“नियम काढले तर वशिलेबाजी वाढेल”

हे खरं आहे. म्हणूनच नियम काढा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. एखादा नियम आपल्याला शिस्त लावतोय की कोंडतोय, हे ओळखायला चार प्रश्न पुरतात. नकाराचं कारण लेखी मिळतं का? निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव कळतं का? उत्तराला मुदत आहे का? आणि कंपनीच्या बाहेर दाद मागता येते का?

या चार प्रश्नांवर क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण, घासून बघा. एकेकाळी सिबिल बिघडला की माणूस हवालदिल व्हायचा. बँक म्हणे हे गुण काढणाऱ्या ब्युरोकडे जा, ब्युरो म्हणे बँकेकडे. आता वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि चुकीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चारपैकी बहुतेक खिडक्या उघडल्या.

आता कॉलेज रोडवर पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाचा आयडी घ्या. सकाळी अ‍ॅप उघडलं तर आयडी ब्लॉक. कारण: ‘धोरणाचं उल्लंघन’. कुठलं धोरण, कोणती ऑर्डर, कुणाची तक्रार? उत्तर देतो तो चॅटबॉट. तो कायद्याने कामगार नाही, ‘पार्टनर’ आहे, त्यामुळे बडतर्फीचे नियम त्याला नाहीत. सामाजिक सुरक्षा संहितेने अशांसाठी गिग कामगार ही व्याख्या आणली, आणि कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के कल्याण निधीत द्यायचे हेही आणलं. पण ब्लॉक करण्यावर त्यात लगाम नाही. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात तो घातला: काम बंद करायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना. असा कायदा आपल्याकडेही व्हायलाच हवा.

मशीनच निर्णय घेत असेल तर?

हजेरी सेल्फीने, रूट जीपीएसने, बायोडेटाची चाळणी सॉफ्टवेअरने. पूर्वीचा सुपरवायझर ओरडायचा, पण त्याला “साहेब, आई आजारी आहे” असं सांगता यायचं. युरोपात २०१८ पासून, माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेतला असेल तर त्याला आव्हान देऊन माणसाकडून पुन्हा तपासून घेता येतो. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्तीचा आणि तक्रारीचा हक्क आहे, पण यंत्राच्या निर्णयाबद्दल असा वेगळा हक्क नाही. ही त्यातली मोठी उणीव आहे.

मग कोंडी वाढतेय का?

वाढतेय, आणि तिचा पसारा वाढतोय. पूर्वी कंपनीचा नियम गेटच्या आत चालायचा. आज तो कर्जात, भाड्याच्या घराच्या व्हेरिफिकेशनमध्ये, बागेत आणि गाळ्यात पोहोचला आहे. कायद्याने उघडलेल्या खिडक्याही वाढल्या आहेत, पण त्या ठोठावल्याशिवाय उघडत नाहीत.

२० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी. तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य समान, आणि ३० दिवसांत निकाल. ‘तुम्ही असिस्टंट मॅनेजर आहात, तुम्हाला लागू नाही’ असं सांगितलं तर थांबू नका. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्षात केलेलं काम बघतं. ग्राहक म्हणून अडलात तर १९१५ ही हेल्पलाइन आहे, आणि कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी तक्रार नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कारण कायद्याने तक्रारदार राहतो ते ठिकाण चालतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही; मुदत २ वर्षं.

आणि सुरुवातीच्या त्या इंजिनिअरने फोनवर फोन करण्यापेक्षा एवढा मेल टाकावा: “माझं क्लिअरन्स कोणत्या विभागात, कोणत्या वस्तूसाठी थांबलं आहे, ते मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव काय, आणि ते किती तारखेपर्यंत पूर्ण होईल, हे कृपया याच मेलवर लेखी कळवावं.” राजीनाम्यापासूनच्या अशा प्रत्येक मेलची सीसी स्वतःच्या खासगी आयडीवर ठेवावी, मात्र कंपनीची कागदपत्रं त्याला जोडू नयेत. ऑफिसचा आयडी शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो, आणि त्यातला पुरावाही त्याच्याबरोबर जातो.